धोंड्याची गाठ

द्वारकाबाईने अकरा वर्षांत गावातल्या दोनशेवर बायकांना बाळंतपणाची तारीख काढून दिली होती, आणि त्या सगळ्या तारखांपायी तिला कोणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. शिवांजलीच्या एकटीच्या तारखेपायी मात्र तिने तीन वेळा मार खाल्ला. तिन्ही वेळा तारीख एकच होती, सव्वीस सप्टेंबर. तारखेत शेवटपर्यंत एका दिवसाचा फरक पडला नाही. मारात मात्र दर वेळी प्रगती दिसत गेली.

गाव सास्तूरपासून चार किलोमीटरवर. भूकंपानंतर नव्याने वसवलेलं, त्यामुळे गल्ल्या पट्टीने आखल्यासारख्या सरळ आणि माणसं पूर्वी होती तशीच. द्वारकाबाई या गावची आशाताई. तिच्या पिशवीत लोहाच्या गोळ्या, थर्मामीटर, तान्ह्या बाळाला झोळीत घालून टांगायचा वजनकाटा आणि पुठ्ठ्याचं एक गोल चक्र असे. पाळीच्या तारखेवर चक्राचा बाण ठेवला की बाळंतपणाची तारीख समोर येई. चक्र घरी राहिलं तरी तिचं अडत नसे. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस धरायचा, नऊ महिने पुढे जायचं आणि वर सात दिवस टाकायचे.

तिचा नवरा भीमाशंकर तिला मोटारसायकलवरून घरोघरी नेई. दारासमोर पोचला की तो गाडीचं तोंड रस्त्याकडे करी आणि इंजिन चालूच ठेवी. “बॅटरी उतरलीया,” असं तो विचारणाऱ्याला सांगे. बॅटरी चांगली होती. हॅन्डलला एक हेल्मेट लटकलेलं असे, तेही कधी डोक्यावर चढलं नव्हतं.

फेब्रुवारीत द्वारकाबाई मालनबाईच्या घरी गेली. मालनबाई चुलीपुढे भाकरी भाजत होती आणि तिची सून शिवांजली पीठ मळत होती.

“शेवटची पाळी कवा आली होती, पोरी?” द्वारकाबाईने विचारलं.

शिवांजलीने सासूकडे पाहिलं. “येळवशीला, मावशी.”

ही तारीख विसरण्यासारखी नव्हतीच. येळवशीच्या अमावस्येला अख्खं गाव शेतात जेवायला जातं. कडब्याच्या कोपीत पूजा, भज्जी, आंबील असा सगळा थाट असतो. त्या दिवशी शिवांजली कोपीपासून पन्नास पावलं लांब बाभळीखाली एकटी बसली होती आणि आजूबाजूच्या चार शेतांतल्या लोकांनी ती का बसली आहे हे ओळखलं होतं. नवरा व्यंकट आदल्याच दिवशी घरी आला होता. तो बोअरच्या गाडीवर कामाला. दसरा झाला की तेलंगणात जायचा, तो येळवशीलाच उगवायचा.

“म्हंजी एकोणीस डिसेंबर,” द्वारकाबाई म्हणाली आणि कार्डावर लिहिलं. “नऊ महिनं सात दिवस. सव्वीस सप्टेंबर.”

“त्या दिवशी तिथी काय?” मालनबाईने भाकरी उलटत विचारलं.

भिंतीवरच्या कॅलेंडरकडे द्वारकाबाईने निरागसपणे पाहिलं. “विसर्जनाचा दुसरा दिवस, आक्का.”

तव्यावरचं तापलेलं उलथनं द्वारकाबाईच्या उजव्या दंडावर बसलं. पहिल्यांदा तिला वाटलं की चुकून लागलं. मग दुसऱ्यांदा बसलं.

“विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटंला भूकंप झालता,” मालनबाई शांतपणे म्हणाली आणि उलथनं परत तव्यावर ठेवलं. “माझी दोन लेकरं भिंतीखाली गेली त्या पहाटंला. त्या पहाटंचं पोर माझ्या घरात नगं. तुझं चक्र उचल. म्या माझं मोजते.”

बाहेर मोटारसायकल चालूच होती. द्वारकाबाई दंडाला भाकरीचं ओलं पीठ लावून मागच्या सीटवर बसली. “काय झालं?” भीमाशंकरने विचारलं. “नोंदणी झाली,” ती म्हणाली.

मालनबाईचं मोजमाप गावात जुनं होतं. देव्हाऱ्याच्या खिळ्याला ती एक काळा दोरा टांगे. दर अमावस्येला एक गाठ. नऊ गाठी आणि वर नऊ दिवस झाले की बाई मोकळी. तिच्या सासूपासून चालत आलेला हा हिशोब होता आणि बहुतेक वेळा तो बरोबरही यायचा. शिवांजलीचा दोरा येळवशीनंतर टांगला गेला. पौषाची एक गाठ, माघाची दुसरी, फाल्गुन, चैत्र, वैशाख. पाच झाल्या.

त्यानंतर धोंड्याचा महिना आला.

पंचांगात दर तीन वर्षांनी एक महिना जास्तीचा येतो. त्याच्यात लग्न करत नाहीत, वास्तुशांत करत नाहीत, नवं काही धरत नाहीत. जावयाला मात्र त्याच महिन्यात बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात. व्यंकट ईटला सासुरवाडीला गेला, धोंडे जेवला, तेहतीस अनारसे घेतले आणि बोटात नागाच्या फण्याची अंगठी घालून परत आला. आठ दिवस तो प्रत्येकाशी बोलताना तोच हात हलवत होता.

त्या अमावस्येला मालनबाईने गाठ बांधली नाही.

द्वारकाबाई गोळ्या द्यायला आली, पोटाला टेप लावला, रक्तदाब बघितला, आणि जाता जाता तिची नजर दोऱ्याकडे गेली.

“आक्का, एक गाठ राहिली का?”

“धोंडा मोजत न्हाईत.”

द्वारकाबाईच्या दंडावर उलथन्याचे दोन काळे पट्टे होते. तिने मनात म्हटलं, कार्डावर बरोबर लिहिलंय, दोऱ्याला कोण विचारतंय. गोळ्यांचं पाकीट ठेवून ती निघून गेली. या एका वाक्याचा पस्तावा तिला पुढे बराच काळ पुरला.

दुसरा मार राखी पौर्णिमेला बसला.

शिवांजलीचा भाऊ रणधीर राखी बांधून घ्यायला आणि बहिणीला पहिल्या बाळंतपणाला न्यायला ईटहून जीप घेऊन आला. सोबत चार मित्र होते, कारण जीपमध्ये जागा होती. पोटुशी बाई सातव्यात न्यावी किंवा नवव्यात, आठव्यात मात्र तिला वेस ओलांडू देऊ नये, हे दोन्ही घरांना सारखंच मान्य होतं. दोन घरांचं एखाद्या गोष्टीवर इतकं एकमत झालं की डोकी फुटायला वेळ लागत नाही.

“नववा लागलाय,” रणधीर वेशीत म्हणाला. “कार्डावर लिहिलंय. छत्तीस आठवडे.”

“सात गाठी हायत,” व्यंकट म्हणाला. “आठवा चाललाय. ती वेस ओलांडणार न्हाय.”

“गाठीला कोण विचारतं, दाजी? सरकारचं कार्ड हाय हे.”

“मंग सरकारला ने बाळंतपणाला.”

यावर रणधीरच्या एका मित्राने हसण्याची चूक केली. व्यंकटने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. त्या मित्राने जीपमधला जॅक काढला. वेशीतल्या लोकांनी आधी दोघांना सोडवायला हात घातले आणि सोडवता सोडवता त्यातल्या निम्म्यांना आपापली जुनी भांडणं आठवली. जीपची समोरची काच गेली. एका पाहुण्याचा कान फाटला. रणधीरच्या भुवईवर दगड बसला आणि रक्ताने त्याचा डोळा बंद झाला. तरीही त्याने बहिणीचा डावा हात सोडला नाही. उजवा व्यंकटने धरला होता. छत्तीस आठवड्यांची बाई दोघांच्या मधे दोरीसारखी ताणली गेली.

द्वारकाबाई कार्ड डोक्यावर धरून मधे घुसली. “सोडा! कळा सुरू होतील तिला! सोडा रे मुडद्यांनो!”

बैलगाडीचं दांडकं तिच्या डाव्या मनगटावर बसलं. कोणी मारलं हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. दोन्ही बाजूंनी नंतर येऊन माफी मागितली.

“म्या जात न्हाय!” शिवांजली ओरडली. “दादा, सोड. म्या इथंच ऱ्हाते. सोडा दोघंबी.”

रणधीरने हात सोडला. बहिणीने फुटक्या काचेच्या जीपपाशी उभं राहून त्याच्या मनगटाला राखी बांधली आणि पदराने त्याचा डोळा पुसला. तो माघारी गेला, सात टाके घालून घेतले. द्वारकाबाईच्या मनगटाला प्लास्टर लागलं. ती एकाच हाताने कार्ड भरू लागली. पोळ्याच्या अमावस्येला मालनबाईने दोऱ्याला आठवी गाठ बांधली आणि सांगून टाकलं की बाळ दसऱ्याच्या आदल्या दिवशी येईल. दसरा चांगला. दसऱ्याला तिचं काहीच वाईट झालं नव्हतं.

शंभरातली चारपाच बाळंच नेमक्या दिलेल्या तारखेला जन्मतात. बाकीची आपल्या सोयीने आठ-दहा दिवस मागेपुढे येतात, आणि त्यात काही बिघडत नाही. शिवांजलीची मुलगी मात्र सव्वीस सप्टेंबरला पहाटे सरकारी दवाखान्यात जन्मली. तिला हे करायची काही गरज नव्हती. वजन तीन किलो शंभर. नर्सबाईने कागदावर लिहिलं, ‘पूर्ण दिवसांचे बाळ’. हा मजकूर वाचून लोक पेढे वाटतात. मालनबाईने तो दोनदा वाचून घेतला, घरी गेली आणि दोरा मोजला.

आठ गाठी.

आठ गाठींचं बाळ पुऱ्या दिवसांचं असेल, तर त्याची सुरुवात येळवशीच्या एक महिना आधी झाली असली पाहिजे. तेव्हा कार्तिक होता. कार्तिकात व्यंकट तेलंगणात होता. मालनबाईने हे कुणाला सांगितलं नाही. तिने फक्त दोरा व्यंकटच्या हातात दिला. पाचवी पुजली गेली नाही. सहाव्या दिवशी गल्लीत शिवांजलीच्या ओरडण्याचा आवाज आला आणि लोकांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

सातव्या दिवसाची भेट आशाताईच्या कामात सक्तीची असते. तो दिवस दोन ऑक्टोबर होता. शाळेतली पोरं प्रभातफेरीत अहिंसेच्या घोषणा देत नुकतीच त्या गल्लीतून गेली होती. भीमाशंकरने गाडी वळवून रस्त्याकडे तोंड केलं. अंगणात व्यंकट बोअरच्या गाडीचा हातभर लोखंडी पाइप घेऊन उभा होता. मागच्या गोठ्याच्या पत्र्याच्या दाराला बाहेरून कडी होती. मालनबाई उंबऱ्यात बसली होती. शेजारच्या भिंतींवरून डझनभर डोकी दिसत होती. कोणी दात घासत होतं, कोणाच्या हातात चहा होता.

“मावशी, आल्या पावली माघारी जावा,” व्यंकट म्हणाला.

“बाळाचं वजन करायचं हाय, बाबा. ताप बघायचा.”

“वजन म्हायतीय. तीन किलो शंभर. आठव्यातलं पोर तीन किलो शंभर! आमाला खुळं समजता काय? पोर पुऱ्या दिवसांचं हाय, तुमच्याच लोकांनी लिहून दिलंय. मागं मोजत जावा. कुठं निघतंय? कार्तिकात निघतंय. कार्तिकात म्या कुठं होतो?”

“तेलंगणात.”

“बोअर मारत होतो उन्हातान्हात!” त्याने पाइप गोठ्याच्या पत्र्यावर हाणला. आत म्हैस धडपडली, बाळ किंचाळलं. शिवांजलीचा आवाज आला नाही.

“येळवशीला ती बाजूला बसली होती, व्यंकट. साऱ्या शिवारानं बघितलंय. तूबी बघितलंय.”

“बाजूला बसायला काय लागतं? आमची म्हसबी बसती.”

भिंतीवरची दोन डोकी हसली. त्यातल्या एकाचा चहा सांडला.

“आक्का, तुमी तरी सांगा,” द्वारकाबाई उंबऱ्याकडे वळली. “धोंड्याची गाठ…”

“दोऱ्याचं नाव काढू नगंस,” मालनबाई म्हणाली. तिचे डोळे जमिनीवरून वर आले नाहीत.

द्वारकाबाईने पिशवी खाली ठेवली आणि सरळ गोठ्याकडे गेली. प्लास्टरच्या हाताने तिने कडी काढली. दार आठ बोटं उघडलं. आत शिवांजली गव्हाणीला टेकून बसली होती. तिचा एक डोळा सुजून मिटला होता, खालचा ओठ फाटला होता, उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली होती. डाव्या हाताने तिने बाळ छातीशी धरलं होतं आणि बाळ दूध पीत होतं.

“मावशी,” ती म्हणाली, “हिला घिऊन जावा. माझं बघू नका.”

द्वारकाबाई वळली तेव्हाच व्यंकटची मूठ तिच्या गालावर बसली. ती दारावर आपटून खाली बसली. तोंडात रक्त आलं, दाढेचा एक तुकडा जिभेवर आला. कानात दणदण आवाज होत होता. मग तो आवाज एकदम थांबला.

थांबला तो मोटारसायकलचा आवाज होता. भीमाशंकरने अकरा वर्षांत पहिल्यांदा गाडी बंद केली होती. तो हॅन्डलवरचं हेल्मेट काढून अंगणात आला आणि त्याने ते व्यंकटच्या कानशिलावर घातलं. हेल्मेट चांगल्या प्रतीचं होतं. व्यंकट दोन पावलं झोकांडला, मान झटकली, आणि पाइप खाली आणला. भीमाशंकरच्या गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज भिंतीवरच्या सगळ्या डोक्यांनी ऐकला. तो मटकन गुडघ्यावर बसला.

“आता कोण मधी येतंय?” व्यंकट ओरडला. त्याच्या कानातून रक्ताची धार मानेवर आली होती. “आधी ती, मग ते पोर. सरका मावशी.”

द्वारकाबाई उठली आणि गोठ्याच्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

“मार. पर आधी माझ्या गालावर बघ. काय उठलंय?”

“काय?”

“बघ की. तूच उठवलंय.”

व्यंकट वाकून बघू लागला. माणूस कितीही रागात असला तरी आपण केलेलं काम बघायला सांगितलं तर बघतोच. गालावर रक्ताने भरलेला नागाचा फणा उमटला होता.

“अंगठी हाय माझी,” तो म्हणाला.

“कुणी दिली?”

“सासऱ्यानं.”

“कवा दिली?”

“धोंड्यात.”

“धोंडा येळवशीच्या आधी झाला का नंतर?”

“नंतर. उन्हाळ्यात. वैशाख संपल्यावर.”

“किती दिवस होता?”

“असंल की महिनाभर. धोंडा महिनाभरच असतोय.”

“तेहतीस अनारसे खाल्लेस तू त्या महिन्यात. मंग त्या महिन्याची गाठ दाखव मला. दोऱ्यात कुठंय?”

व्यंकटचा पाइप हवेतच राहिला. त्याने खिशातून दोरा काढला. एका हातात पाइप आणि एका हातात दोरा घेऊन त्याला मोजता येईना. त्याने पाइप काखेत धरला.

“खाल्लेच की यानं अनारसे,” भिंतीवरून महादेवी म्हातारी म्हणाली. “आठ दिस सांगत हिंडत होता. माझ्या नाकापुढं अंगठी नाचवली.”

“थांबा, म्या मोजते,” पलीकडची एक बाई म्हणाली आणि अंगठ्याने बोटांची पेरं मोजू लागली. “पौष एक. माघ दोन.”

“फाल्गुन तीन, चैत्र चार.”

“वैशाख पाच, धोंडा सहा.”

“ज्येष्ठ सात, आखाड आठ…”

मारहाण चालू होती तेव्हा त्या भिंतीवरून कोणी खाली उतरलं नव्हतं. मोजायला मात्र सगळेच उतरले. बघता बघता अंगण भरलं. दात घासणारासुद्धा तोंडात फेस तसाच ठेवून पेरं मोजत होता.

“श्रावण नऊ!” महादेवी ओरडली. “पोळ्यालाच नऊ भरलं की गं बाई! वर पंधरा दिस. बरोब्बर झाली पोर.”

व्यंकटने आईकडे पाहिलं. “आई, गाठ ऱ्हायली का?”

“धोंडा मोजत न्हाईत,” मालनबाई म्हणाली. “माझी सासू मोजत नव्हती. म्याबी कवा मोजला न्हाय.”

“देवाधर्माला मोजू नका, आक्का,” द्वारकाबाई रक्त थुंकून म्हणाली. “पोर काय पोटात सुट्टी घेतंय व्हय? धोंडा चाललाय, म्या महिनाभर वाढत न्हाय म्हणतंय?”

गर्दीतून नागूबाई पुढे आली. ही गल्लीच्या टोकाला राहणारी, पंचेचाळिशीची, कमी बोलणारी बाई. हसताना ती नेहमी पदर तोंडावर घेई. आत्ता पदर घेतला नाही. समोरचे दोन दात नव्हते.

“आक्का,” ती म्हणाली, “माझ्या कृष्णराजच्या वक्ताला बी तुमीच मोजलं होतं. बावीस वरसं झाली. त्या साली धोंडा श्रावणात आलता.”

मालनबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

“आठच गाठी निघाल्या होत्या माझ्या. माझ्या मालकानं मला खांबाला बांधून विचारलं, पोर कुणाचं. बावीस वरसं त्यानं कृष्णराजला कडंवर घेतलं न्हाय, का त्याच्याशी नीट बोलला न्हाय. म्यासुदिक कवाकवा रातीची मोजत बसायची, आपलंच काई चुकलं का म्हणून.”

मालनबाईने हात पुढे करून व्यंकटकडून दोरा घेतला. वैशाखाची पाचवी गाठ आणि ज्येष्ठाची पुढची गाठ यांच्या मधली जागा तिने नखाने चाचपली. गाठ काही बसेना.

“ती पहाट नगं होती मला,” ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते कळलं नाही. “दसरा चांगला वाटला.”

नागूबाईने तिच्याकडे थोडा वेळ बघितलं. मारावं असं तिला वाटलं असावं, कारण तिचा हात उचलला गेला होता. मग तिचं लक्ष व्यंकटच्या काखेतल्या पाइपकडे गेलं. तिने तो ओढून घेतला. त्याने विरोध केला नाही. एखाद्याने छत्री मागितल्यावर द्यावी तसा त्याने तो दिला. नागूबाईने पदर कमरेला खोचला आणि पाराच्या दिशेने चालू लागली.

नागूबाईचा मालक अमृत त्या वेळी पारावर पत्ते खेळत होता. त्याचा डाव चांगला लागला होता.

गर्दीतली निम्मी माणसं नागूबाईच्या मागे गेली. थोड्याच वेळात पाराकडून एक पुरुषी किंकाळी ऐकू आली, मग पाइप दगडावर आपटल्याचा आवाज, मग आणखी एक किंकाळी. उरलेली निम्मी माणसं इकडे थांबावं की तिकडे जावं या विचारात पडली.

व्यंकट रिकाम्या हाताने उभा होता. हातात काही नसलं की त्याला काय करावं ते सुचत नसे. त्याने कानावरचं रक्त पुसलं, गोठ्याकडे बघून घसा खाकरला.

“चुकीचं मोजलं म्हणायचं,” तो म्हणाला. “ये बाहेर, शिवा. उन्हात घी बाळाला. च्या टाक सगळ्यांना. मावशीलाबी दे.”

गोठ्याचं दार पूर्ण उघडलं. शिवांजली बाळ घेऊन बाहेर आली. इतका वेळ अंधारात बसल्यामुळे तिने एकच चांगला डोळा बारीक केला. तिने अंगणातल्या एकेकाकडे पाहिलं: पेरं मोजणाऱ्या बायका, तोंडात फेस असलेला शेजारी, दोरा घेऊन बसलेली सासू, गुडघ्यावर बसलेला भीमाशंकर. मग ती द्वारकाबाईजवळ गेली.

“मावशी, गाडी बोलावलीसा का?”

“बोलावली. अर्ध्या तासात येतीय म्हणाले.” द्वारकाबाईच्या हातात मोबाइल होता. पडद्यावर रक्ताची बोटं उमटली होती. “तुझ्या काकांचं हाड मोडलंय. तुझी बोटंबी दाखवायची.”

“तंवर बाळाचं वजन करा.”

द्वारकाबाईने पिशवीतून काटा काढला, झोळी लावली, बाळ ठेवलं. भीमाशंकरने डाव्या हाताने काटा धरला. उजवा हात त्याच्याजवळ फक्त लटकत होता. तीन किलो एकशे वीस. सातव्या दिवशी वजन जन्मावेळच्या वर गेलेलं असलं की चांगलं मानतात. कार्डावर तिने ते लिहिलं. ‘आईची तब्येत’ या रकान्यात दोनच पर्याय होते, बरी आणि ताप. ताप नव्हता. तिने रकाना मोकळा ठेवला आणि मागच्या कोऱ्या पानावर बारीक अक्षरात सगळं लिहायला घेतलं, नावांसकट. पोलिसांच्या कागदाला तेच पान पुढे जोडलं जाणार होतं.

रुग्णवाहिका आली. भीमाशंकरला आडवं केलं. पारावरून दोघांनी अमृतला उचलून आणून त्याच्या शेजारी ठेवलं. नागूबाई पाइपसकट पुढच्या सीटवर बसली. शिवांजली मागच्या पायरीवर पाय ठेवून चढली, बाळ घेतलं, पदर नीट केला.

“दवाखान्यातून कुठं?” व्यंकट दाराशी येऊन म्हणाला. आता त्याचा आवाज धोंड्याला गेलेल्या जावयासारखा मऊ झाला होता. “घरीच येशील न्हवं?”

“ईटला जाणार. दादाला मावशीच्या मोबाइलवरनं कळवलंय.”

“बरं. सव्वा महिना ऱ्हा निवांत. न्यायला कवा येऊ मग?”

शिवांजलीने त्याच्या बोटातल्या नागाच्या फण्याकडे बघितलं.

“धोंड्याच्या महिन्यात या,” ती म्हणाली. “जेवायला.”

दार लागलं. गाडी वेशीकडे वळली. व्यंकट धुरळ्यात उभा राहिला आणि अंगठ्याने बोटांची पेरं मोजू लागला. आश्विन एक, कार्तिक दोन. एक हात संपला. दुसराही संपला. दोन्ही हातांची सगळी पेरं मोजून झाली, तरी धोंडा काही येईना.